मे महिना सोसणारी बाग



बागेची परीक्षा श्रावणात घ्यायची नसते. श्रावणात उकिरड्यावरही हिरवे उगवते आणि पडक्या भिंतीलाही पालवी फुटते. परीक्षा घ्यायची ती वैशाखात. मे महिन्याच्या मध्यावर, भर दुपारी, एखाद्या नव्या वसाहतीतून फेरी मारावी. फाटकाशी मोठ्या हौसेने लावलेले गुलाब काटक्या होऊन उभे असतात. हिरवळीचा रंग पोत्यासारखा झालेला असतो. कुंड्यांतील माती कडा सोडून आत आक्रसलेली असते. आणि या साऱ्यात, कोणी पाणी घातलेले नसताना, कोणी खत दिलेले नसताना, कुंपणाच्या कोपऱ्यात एखादी तगर गर्द पानांनी भरलेली आणि पांढऱ्या फुलांनी डवरलेली दिसते. ती कोणी लावली, हे घरातल्यांनाही धड आठवत नसते.

आजचा विषय ती तगर आणि तिच्यासारखी झुडपे हा आहे.

अनेक घरांत एक गोष्ट सारख्याच क्रमाने घडते. पती-पत्नी निवृत्त होतात. आयुष्यभराच्या बचतीतून शहराच्या कडेला लहानसे घर बांधतात. पुढे-मागे मिळून चार-पाचशे चौरस फूट मोकळी जागा असते. पहिल्या वर्षी हिरवळ होते, वीस गुलाब येतात, रंगीत पानांची शोभेची झाडे येतात, आठवड्याला एक माळी ठरतो. दुसऱ्या वर्षी माळी येईनासा होतो. तिसऱ्या वर्षी मुलाकडे किंवा मुलीकडे दोन महिने जाऊन परत यावे, तो निम्मी बाग गेलेली असते. चौथ्या वर्षी गुडघे बोलू लागतात. पाचव्या वर्षी, ‘आता हे होत नाही’ असे म्हणून अंगणात फरशी बसते.

फरशी बसविणाऱ्या त्या दांपत्याला दोष देता येत नाही. ते थकलेले असतात. परंतु हिशेब मात्र पाहिला पाहिजे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. पाचशे चौरस फूट, म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर अंगणावर त्यातून वर्षाला बत्तीस हजार लिटर पाणी येते. माती उघडी असेल तर त्यातील बराच वाटा तेथेच मुरतो. फरशी असेल तर ते गटाराला मिळते. ज्या गल्लीत दहा अंगणे अशी मिटली, त्या गल्लीतील कूपनलिका पुढच्या उन्हाळ्यात लवकर आटली तर नवल वाटायला नको.

तेव्हा कमी निगेची बाग हा आळशी माणसाचा विचार नव्हे. म्हातारपणीही मातीशी नाते टिकावे आणि अंगणाला फरशी लागू नये, यासाठी तरुणपणीच करून ठेवायची ती व्यवस्था आहे.

कमी निगा म्हणजे किती?

ज्याला अजिबात निगा लागत नाही असे झाड दुकानात मिळते. ते प्लॅस्टिकचे असते. जिवंत झाडाच्या बाबतीत कमी निगेची कसोटी तीन प्रश्नांत सांगता येईल. लागवडीच्या तिसऱ्या वर्षानंतर भर मे महिन्यात आठ-दहा दिवसांनी बादलीभर पाणी त्याला पुरते का? वर्षातून एकदा कात्री लावून भागते का? आणि औषध न फवारता ते जगते का? तिन्हींचे उत्तर ‘होय’ असेल, तर ते झुडूप आपल्या कामाचे.

या कसोटीवर सर्वांत आधी हिरवळ बाद होते. उन्हाळ्यात हिरवळीला दर चौरस मीटरला रोज चार-पाच लिटर पाणी लागते. दोनशे चौरस फुटांची हिरवळ म्हणजे दिवसाला ऐंशी-नव्वद लिटर. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर नळाचे पाणी, हे प्रमाण धरले. म्हणजे हिरवळीचा तो लहानसा तुकडा दीड माणसाचे पाणी पितो. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. ज्या राज्याने हे पाहिले आहे, त्या राज्यात पिण्याच्या पाण्यावर हिरवळ पोसणे हे शोभेचे लक्षण राहिलेले नाही.

झुडपाचे तसे नाही. वृक्षाला जागा हवी, वेलीला आधार हवा, हंगामी फुलझाडांना दर तीन-चार महिन्यांनी नवे वाफे हवेत. झुडूप चार-सहा फूट जागेत मावते, बुंध्यापासून अनेक फांद्या धरते, एखादी वाळली तरी दुसरी फुटते आणि एकदा मुळांनी जमीन धरली की पंधरा-वीस वर्षे जागा सोडत नाही.

आधी जागा, मग झाड

बहुतेक चुका रोप विकत घेण्यापूर्वीच झालेल्या असतात. रोपवाटिकेत फूल आवडले म्हणून झाड आणायचे आणि घरी आल्यावर ‘आता कुठे लावू?’ असे विचारायचे, हा क्रम उलटा आहे.

प्रथम ऊन पाहावे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि घराच्या उत्तरेची बाजू महिनोन्महिने सावलीत राहते. उलट, पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडून जातो, तेव्हा त्याच बाजूला ऊन येते. पश्चिमेच्या भिंतीलगतची जागा सर्वांत कठीण. दुपारनंतरचे ऊन आणि तापलेल्या भिंतीची धग, दोन्ही तेथील झाडाला सोसावी लागतात.

त्यानंतर माती. नव्या घराभोवतीची माती बहुधा माती नसतेच. सिमेंटचे खडे, चुना, विटांचे तुकडे, फरशीच्या कपच्या असा राडारोडा दाबून त्यावर चार बोटे लाल माती पसरलेली असते. पहार मारल्याशिवाय ते कळत नाही. फूटभर खोल खड्डा घेऊन पाण्याने भरावा. ते जिरल्यावर पुन्हा भरावा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीही तसेच उभे असेल, तर तेथे निचरा नाही असे समजावे. काळ्या मातीत असे हमखास होते. तेथे खोल खड्ड्यापेक्षा वीतभर उंच वरंबा करून त्यावर झाड लावणे श्रेयस्कर.

तिसरी गोष्ट अंतराची. सत्यभामेच्या अंगणातील पारिजातकाची फुले रुक्मिणीच्या दारात पडत, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. आजच्या वसाहतींत फुलांबरोबर पानेही पडतात आणि रुक्मिणीची तक्रार सोसायटीच्या सभेत येते. पाच-सहा फूट पसरणारे झुडूप कुंपणाच्या भिंतीपासून निदान तीन फूट आत लावावे; पारिजातकासारखे मोठे होणारे सहा फूट आत. पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या नळांवर काहीही लावू नये. आज हातभर असलेल्या रोपांमधील मोकळी जागा उघडीबोडकी दिसते, म्हणून दाटीवाटीने लावण्याचा मोह होतो. तो टाळला नाही, तर तिसऱ्या वर्षापासून दर महिन्याला कात्री हातात घ्यावी लागते.

माणसे ओळखावी तशी झुडपे

आता प्रत्यक्ष निवड. फुलांची परडी रोज भरावी, ही मराठी घराची साधी अपेक्षा असते. म्हणून कोणत्या महिन्यात काय फुलते याकडे लक्ष ठेवून निवड करावी.

तगर ही या यादीची पहिली मानकरी. एकेरी आणि दुहेरी अशा दोन्ही जाती मिळतात. ऊन मिळाले तर भरपूर फुलते, अर्धी सावली असली तरी रुसत नाही. वर्षातील बहुतेक महिने थोडीफार फुले असतातच.

कुंती, म्हणजे जिला पुष्कळजण कामिनी म्हणतात, ती चकचकीत लहान पानांची आणि दाट. पावसाच्या सरींनंतर एका रात्रीत पांढऱ्या फुलांनी भरते आणि तिचा सुगंध रस्त्यापर्यंत जातो. मात्र नागपूर-अमरावतीच्या संत्रापट्ट्यात ती लावताना विचार करावा. संत्र्यावरील ग्रीनिंग रोगाचा प्रसार करणारी सायला नावाची कीड कुंतीवरही सुखाने वाढते. आपल्या दारची शोभा शेजारच्या बागाइतदाराच्या मुळावर येता कामा नये.

कोरांटी हे आपण विसरलेले झुडूप. काटेरी, पिवळ्या फुलांची ही कोरांटी माळरानावर, बांधावर स्वतःच्या हिमतीवर वाढते. पावसाळा सरता सरता फुलू लागते आणि हिवाळाभर टिकते. कुंपणाच्या आतून ओळीने लावली तर फुलेही मिळतात आणि मांजर-कुत्र्यांना अटकावही होतो. शेजारच्या माणसाने एक फांदी दिली की तिचे काम भागते. कदाचित म्हणूनच दुकानात तिला भाव नाही.

अबोली गुडघाभर उंचीची. ती मूळची दक्षिण भारताची आणि श्रीलंकेची. गोव्यात आणि कोकणात तिचे वळेसर स्त्रियांच्या केसांत शोभतात. तिला दुपारचे कडक ऊन मानवत नाही. मोठ्या झुडपाच्या पूर्वेस, त्याच्या सावलीत लावली तर देशावरही ती चांगली राहते.

अडुळसा आणि निर्गुडी ही मागील दाराची जोडी. दोन्ही फांदीवरून येतात आणि दोहोंनाही गुरे-शेळ्या सहसा तोंड लावीत नाहीत. म्हणूनच शेताच्या कुंपणाला ती पिढ्यान् पिढ्या लावली गेली. मेंदीचेही तसेच, कोरडवाहू भागात तिच्यासारखे कुंपण नाही, आणि तिच्या बारीक फुलांना मंद सुवास असतो, हे नेहमी कापून सपाट ठेवणाऱ्यांना कधी कळतच नाही. ज्यांची जागा गावाकडे, डोंगराच्या पायथ्याशी आहे, त्यांनी मागील हद्दीला करवंद लावावे. काटे राखण करतात आणि उन्हाळ्यात मुलांना रानमेवा मिळतो.

पारिजातक हे झुडूप आणि वृक्ष यांच्या सीमेवरचे झाड. पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून पहाटे त्याचा सडा पडतो. उन्हाळ्यात त्याची पाने झडतात. झाड मेले असे समजून अनेकजण त्याला पाण्यात बुडवितात किंवा तोडून टाकतात. ते विश्रांती घेत असते. त्याला तसेच राहू द्यावे.

जास्वंदीविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. गणपतीच्या आवडीची म्हणून ती प्रत्येक घरात हवी असते. पण या यादीत ती काठावर पास होते. पाणी थोडे अधिक लागते आणि पांढरा पिठ्या ढेकूण तिच्यावर वारंवार येतो. लावायचीच तर जुनी, एकेरी, लाल जास्वंद लावावी. हातभर फुलांच्या नव्या संकरित जाती अधिक नाजूक असतात.

एक्झोराची गोष्ट उद्बोधक आहे. कोकणातील जांभ्या मातीत ते लाल झुबक्यांनी लगडते. तेच रोप देशावर, चुनखडीयुक्त काळ्या मातीत आले की पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मातीत लोह असते, परंतु अशा मातीतून ते मुळांना घेता येत नाही. मग दर महिन्याला औषधे घालीत बसायचे. कोकणात जे कमी निगेचे, तेच सोलापुरात अधिक निगेचे ठरते. झाड वाईट नसते. जागा चुकलेली असते.

येथे देशी-परदेशी हा प्रश्न कोणी विचारील. वर सांगितलेल्या झुडपांपैकी बहुतेक या भूमीतील आहेत आणि येथील आठ महिन्यांच्या कोरड्या ऋतूची सवय त्यांच्या रक्तात आहे. तथापि परदेशी म्हणून सरसकट नाकारण्याचेही कारण नाही. बोगनवेल दक्षिण अमेरिकेतून आली, परंतु पाणी कमी मिळाले की ती अधिक फुलते. पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला तिच्यासारखा उपाय नाही. उलट टणटणी, म्हणजे घाणेरी, तीही अमेरिकेचीच. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी बागेची शोभा म्हणून ती भारतात आणली गेली आणि आज देशभरातील जंगलांत तिने शिरकाव करून तेथील मूळ झाडोऱ्याला मागे सारले आहे. रोपवाटिकेत रंगीबेरंगी फुलांची टणटणी दिसली तरी घेऊ नये. झाड कोठून आले यापेक्षा ते येथे येऊन कसे वागते, हे पाहावे.

एक सावधगिरी. कण्हेर दुष्काळातही टिकणारे झुडूप आहे, महामार्गांच्या दुभाजकांवर ते उन्हातान्हात आणि धुरात फुलते. परंतु तिचे पान, फूल, साल, बी सारेच विषारी आहे, आणि पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, हीही तशीच. घरात लहान मूल असेल, दारात गाय-शेळी असेल तर ती लावू नये. छाटलेल्या फांद्या जाळूही नयेत. धूरही अपायकारक असतो. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते, हेही घरातील मुलांना सांगून ठेवावे.

पाचशे फुटांच्या अंगणासाठी दहा-बारा झुडपे पुरे. फाटकाच्या दोन बाजूंना कुंती, उत्तरेला तगर आणि तिच्या पायाशी अबोली, पश्चिमेला बोगनवेल, कुंपणाला कोरांटी, मागे अडुळसा, निर्गुडी आणि एक कढीपत्ता, कोपऱ्यात पारिजातक. एवढ्याने वर्षाचा एकही महिना फुलांवाचून जात नाही.

खड्डा उन्हाळ्यात, रोप पावसाळ्यात

खड्डे मे महिन्यातच काढून ठेवावेत. दीड फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट खोल. उन्हाने तळाची माती तापते, त्यातील किडींची अंडी आणि बुरशी पुष्कळ अंशी नष्ट होते. राडारोडा निघाला तर तो निष्ठुरपणे बाहेर टाकावा. दोन भाग चांगली माती, एक भाग नीट कुजलेले शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड, असे मिश्रण करून खड्डा भरावा. शेणखत कच्चे असेल तर हुमणी आणि वाळवी येते.

रोपवाटिकेत फुलांनी लगडलेले उंच रोप न घेता फूट-दीड फूट उंचीचे, बुंध्यापासून तीन-चार फांद्या फुटलेले रोप निवडावे. पिशवीच्या तळातून जाड मुळे बाहेर आलेली असतील, तर ते रोप पिशवीत फार काळ राहिले आहे असे समजावे. आतील मुळे गोल गोल फिरलेली असतात आणि जमिनीत गेल्यावरही तशीच फिरत राहतात. असे झाड दोन-तीन वर्षे जगून एखाद्या उन्हाळ्यात अकारण मान टाकते.

अर्थात विकत घेण्याचीही फारशी गरज नाही. तगर, जास्वंद, अडुळसा, निर्गुडी, कोरांटी ही सारी फांदीपासून येतात. आषाढात पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची फांदी घ्यावी, खालची पाने काढावीत, दोन पेरे मातीत जातील अशी पिशवीत खोचावी आणि सावलीत ठेवावी. महिना-दीड महिन्यात मुळे धरतात.

पहिले दोन चांगले पाऊस होऊन जमीन आत ओली झाली की लागवड करावी. पिशवी पूर्ण कापून काढावी. ‘मातीत आपोआप कुजेल’ म्हणून ठेवलेली प्लॅस्टिकची पिशवी वीस वर्षांतही कुजत नाही. गुंतलेली मुळे बोटांनी हलकेच मोकळी करावीत. रोप पिशवीत जेवढे मातीत होते तेवढेच खड्ड्यात असावे. बुंधा पुरला तर तो कुजतो. माती पायाने न तुडविता हाताने दाबावी. पावसाळ्यात बुंध्याशी पाणी साचू नये म्हणून मातीचा उतार बाहेर ठेवावा आणि पाऊस थांबल्यावर, दिवाळीच्या सुमारास, बुंध्यापासून हातभर अंतरावर आळे करावे.

तहान शिकवावी लागते

येथून पुढची दोन वर्षे महत्त्वाची. कमी निगेच्या झाडालाही या दोन वर्षांत निगा लागते. ती दिली नाही म्हणून बहुतेक झाडे जातात, आणि ती चुकीची दिली म्हणून उरलेली कायमची परावलंबी होतात.

चुकीची कशी? रोज संध्याकाळी नळी घेऊन थोडे थोडे पाणी शिंपडणे अनेकांच्या आवडीचे काम असते. त्याने वरची दोन इंच माती भिजते. पाणी वर मिळते म्हणून मुळेही वरच राहतात. मग कुटुंब चार दिवस परगावी गेले की झाड कोमेजते. पाणी क्वचित, पण भरपूर दिले तर ते खोल जाते आणि त्याच्यामागून मुळेही खोल जातात. पहिल्या वर्षी दिवाळीनंतर तीन-चार दिवसांनी बादलीभर, दुसऱ्या वर्षी आठवड्याने, तिसऱ्या वर्षापासून केवळ मार्च ते मे या काळात आठ-दहा दिवसांनी. मुलाला जसे बोट सोडून चालायला शिकवायचे, तसे हे आहे. बोट एकदम सोडायचे नाही आणि कायम धरूनही ठेवायचे नाही.

लांबच्या प्रवासाला जाताना जुना उपाय उपयोगी पडतो. न रंगविलेले मातीचे मडके झाडाजवळ गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरून वर झाकण ठेवावे. मडक्याच्या अंगातून पाणी सावकाश पाझरत राहते आणि मुळांना लागेल तसे मिळते.

पाण्याइतकेच महत्त्व आच्छादनाला आहे. बागेत पडणारी पाने गोळा करून जाळण्याची सवय अद्याप गेलेली नाही. तो धूर शेजाऱ्यांच्या छातीत जातो आणि झाडाचे अन्न राखेत जाते. तीच पाने, किंवा उसाचे पाचट, आळ्यात तीन-चार बोटे जाडीने पसरावे. बुंध्याभोवती तेवढी चार बोटे जागा मोकळी ठेवावी. माती थंड राहते, पाणी उडून जात नाही, तण उगवत नाही आणि वर्षभराने त्याचेच खत होते. पालापाचोळा वाहून नेणारा माणूस आणि खताची पिशवी, असे दोन्ही खर्च वाचतात.

कात्री आणि औषध

छाटणी वर्षातून एकदा, आणि ती बहर संपल्यावर. कोरांटी आणि पारिजातक हिवाळा सरताना, तगर व कुंती पावसाळा संपल्यावर हलक्या हाताने. मे महिन्यात कात्री लावू नये. झुडपाला चेंडूचा किंवा डब्याचा आकार देण्याची हौस ज्याने धरली, त्याने दरमहा माळ्याची सोय आधी करावी. झुडपाला त्याच्या स्वभावाप्रमाणे वाढू दिले तर वाळलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढण्यापलीकडे काही काम राहत नाही. फार जुने, खालून उघडे पडलेले झुडूप असेल, तर पावसाच्या तोंडाशी त्याच्या एक-तृतीयांश जुन्या फांद्या बुडाशी कापाव्यात. नवी फूट खालून येते.

किडींच्या बाबतीत थोडा धीर धरावा. तगरीवर एखाद्या वर्षी बोटाएवढी हिरवी अळी दिसते, मानेजवळ डोळ्यांसारखे दोन ठिपके असलेली. चार दिवसांत ती फांदीची पाने फस्त करते आणि घरात घबराट होते. ती एका देखण्या पतंगाची अळी असते. काही दिवसांत ती जमिनीकडे जाते आणि तगर पुन्हा फुटते. कढीपत्त्यावरची अळी पुढे काळे-पांढरे फुलपाखरू होऊन त्याच अंगणात फिरते. जास्वंदीवरील पिठ्या ढेकणासाठी पाण्याचा जोरदार फवारा, आणि तेवढ्याने न भागल्यास लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल व थोडा साबण घालून फवारणी, एवढे पुरे होते. तीव्र विषाने किडीबरोबर त्या किडीला खाणारे मित्रकीटकही मरतात आणि पुढच्या वर्षी कीड दुपटीने येते. दाट कुंतीत बुलबुल घरटे करतो, जास्वंदीच्या फुलावर शिंजीर लोंबकळतो. हे बिनपगारी नोकर फवारणीच्या बागेत कामाला येत नाहीत.

फरशीत एक चौकोन

शेवटी पुन्हा त्या निवृत्त दांपत्याकडे वळू. त्यांच्या अंगणात फरशी बसली आहे आणि सारी उखडण्याचे बळ आता त्यांच्यात नाही. त्याची आवश्यकताही नाही. दोन फूट बाय दोन फुटांचा एक चौकोन उघडला, खालचा राडारोडा काढून माती भरली, की तेथे एक तगर उभी राहते. पुढच्या वर्षी दुसरा चौकोन. चार वर्षांत चार झुडपे, आणि पावसाला जमिनीत शिरायला चार दारे.

शेजारच्या तरुण मंडळींना यात करण्यासारखे पुष्कळ आहे. खड्डा खणणे हे सत्तरीच्या गुडघ्यांचे काम नाही, ते विशीच्या खांद्यांचे आहे. ज्या घरी जुनी तगर आहे, कोरांटी आहे, अडुळसा आहे, त्या घराने आषाढात दहा फांद्या पिशव्यांत लावाव्यात आणि गौरी-गणपतीपर्यंत धरलेली रोपे गल्लीत वाटावीत. गणपतीच्या एकवीस पत्रींत कण्हेर, डाळिंब, रुई, जाई, मरवा यांची पाने असतात. त्यांतील जेवढी दारात मिळतील, तेवढी टेकड्यांवरून ओरबाडून आणावी लागणार नाहीत.

यासाठी देणगी लागत नाही, समिती लागत नाही. एक पहार, एक घमेले, कुजलेले शेणखत आणि दोन वर्षांची नियमित बादली पुरते. दोन वर्षांनी बादली हळूहळू कमी करायची. तिसऱ्या वैशाखात, कुटुंब महिनाभर परगावी राहून परत येईल आणि फाटक उघडेल, तेव्हा कुंपणाच्या कोपऱ्यात ती तगर हिरवीगार उभी असेल. फक्त या वेळी ती कोणी लावली, हे घरातल्यांना ठाऊक असेल.